विसाव्या फॉर्ममधलं वाक्य

बुधवार उजाडला की विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोरचा तो अरुंद जिना माणसांनी भरून जाई. प्रत्येकाच्या हातात एक पिशवी आणि पिशवीत मेलेल्या माणसाची एखादी वस्तू. कुणाकडे चष्म्याचं घर, कुणाकडे सदरा. एका निवृत्त शिक्षकाने तर बायकोची गरम पाण्याची रबरी पिशवी आणली होती. ती त्याने छातीशी अशी धरली होती, जणू आत अजून थोडी ऊब शिल्लक असावी.

वरच्या खोलीत निरोपबाई बसत. खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. मेलेल्यांचे निरोप जिवंतांना पोचवतात म्हणून निरोपबाई. साठीच्या आतबाहेरचं वय, फिक्या रंगाचे कपडे, आवाज जुन्या नर्ससारखा मऊ. धूर नाही, घुमणं नाही, किंचाळणं नाही. एक टेबल, दोन खुर्च्या, टेबलावर पाण्याचा ग्लास. शिकलेल्या माणसांना नेमका हाच साधेपणा पटायचा. बाई वस्तू हातात घेत, डोळे मिटत आणि ग्लासातलं पाणी थरथरलं की हलकेच म्हणत, "आलाय." त्याच क्षणी खालच्या दुकानात झेरॉक्सचं मशीन सुरू झालेलं असायचं आणि पाण्याबरोबर खिडकीची तावदानंही थरथरायची. पण रडणारा माणूस तावदानांकडे बघत नाही.

नियम एकच, पण कडक. आज यायचं, वहीत मेलेल्याचं नाव आणि आपला पत्ता लिहायचा, आणि निरोप घ्यायला पुढच्या बुधवारी यायचं. "आत्म्याला वाट सापडायला वेळ लागतो हो," बाई सांगत. ज्याला भिंतीही अडवत नाहीत त्याला घर नंबर आणि गल्ली कशाला लागते, हा प्रश्न सुचेल अशा अवस्थेत जिन्यावरचं कुणी नसे. पैसे बाई घेत नसत. दुःखाचा व्यापार आपल्याला जमायचा नाही, असं त्या स्वतःहून सांगत. निरोप मात्र कागदावर उतरवला नाही तर विरून जातो, म्हणून तो खालच्या दुकानात टाइप करून, लॅमिनेट करून घ्यावा लागे. लॅमिनेशन तीन आकारांत मिळायचं.

त्या बुधवारी जिन्यावर आईच्या मागे धाकटी उभी होती. घरात आता दोघीच होत्या, तरी तिचं 'धाकटी' हे नाव सुटलं नव्हतं. थोरला होता तो दादा. लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि वर्षापूर्वी तीन दिवसांच्या तापात गेला. धाकटी समाजशास्त्राच्या एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती, संशोधन पद्धती हा विषय तिचा जीव की प्राण होता, आणि आईने तिला इथे आणलं होतं ते पिशवी धरायला. पिशवीत दादाचे कामाचे हातमोजे होते. वहीत नाव-पत्ता आई आदल्या बुधवारी एकटीच येऊन घालून गेली होती.

आईच्या येण्याचं खरं कारण वेगळं होतं. आईच्या छातीत गाठ निघाली होती. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली होती, महिन्याभरावर, आणि उशीर करू नका असं दोनदा बजावलं होतं. आईने तारीख लिहून घेतली आणि घरी येऊन म्हणाली, आधी त्याला विचारते. कुणाला, हे धाकटीने विचारलं नाही.

जिन्यावर ती वही काढून बसली. निरीक्षण कसं करायचं ते पद्धतीच्या मॅडमनी वर्षभर घोटून घेतलं होतं. जे ऐकलं ते तसंच लिहायचं, आणि बरोबर निघालेल्यांइतकेच चुकलेलेही मोजायचे. शिक्षकाची पाळी झाली; उघड्या दारातून सगळं ऐकू येत होतं. बाईंनी तेवीस गोष्टी सांगितल्या. पंधरा कुणालाही लागू पडतील अशा, सहा साफ चुकल्या, दोन बरोबर. बाहेर येताना शिक्षक त्या दोनच गोष्टी सगळ्यांना सांगत होता. धाकटीने ओळ मारली आणि मनातल्या मनात निकाल लावून टाकला.

मग आईची पाळी आली.

बाईंनी हातमोजे घेतले. पाणी थरथरलं. "मुलगा आहे," त्या म्हणाल्या, "तिशी पाहिली नाही. ताप. तीन दिवस. मोठी इमारत, खिडकीजवळचं अंथरूण." आईने तोंडावर पदर दाबला. धाकटीने सहा रेघा ओढल्या, सहाही बरोबरच्या रकान्यात. बाई थांबल्या, मान कलती केली, आणि लांबून आल्यासारख्या आवाजात म्हणाल्या, "आईला म्हणावं, दाराला कडी लावू नकोस. मी आलोच."

धाकटीची पेन्सिल जागच्या जागी राहिली.

हे वाक्य तिने स्वतः लिहिलं होतं. दादाने ते कधीच उच्चारलं नव्हतं.

झालं होतं ते असं. सहा महिन्यांपूर्वी वर्गाला पाहणीचं काम होतं. विषय, घरातलं आजारपण आणि शेवटचे दिवस. प्रत्येकाने वीस घरांत जायचं, मुलाखत घ्यायची, फॉर्म भरायचा. धाकटीची एकोणीस घरं झाली आणि अंगातलं सगळं बळ संपलं. लोक रडायचे आणि ती 'पुढचा प्रश्न' म्हणायची. विसावा फॉर्म तिने स्वतःच्याच घराचा भरला, पलंगावर बसून, एकटीने. नाव, वय, आजार, किती दिवस, कुठे, सगळं खरं. सतराव्या प्रश्नाशी अडली. 'मृत व्यक्तीचे शेवटचे बोलणे (शब्दशः लिहावे).' दादाला दवाखान्यात नेलं तेव्हाच तो शुद्धीत नव्हता. आत एकाच माणसाला सोडत होते आणि आईला तर खालच्या बाकावरही सारखी चक्कर येत होती, म्हणून तिन्ही दिवस धाकटीच त्याच्या उशाशी होती. घशात नळी होती. तो काहीही बोलला नाही.

पण मॅडमचा दंडक होता की रिकामा रकाना दिसला तर अख्खा फॉर्म परत. आणि रकाना तर कोरा होता. तेव्हा तिने डोळे मिटून, दादा बोलला असता तर काय बोलला असता ते लिहिलं, आणि फॉर्म जमा केला. आईलासुद्धा तिने ते सांगितलं नव्हतं. फॉर्म विभागाच्या लोखंडी कपाटात गेले, किल्ली मॅडमच्या पर्समध्ये.

आणि आता ते वाक्य या खोलीत एका अनोळखी तोंडातून बाहेर पडलं होतं.

आईने विचारायचं ते विचारलं. ऑपरेशन करून घेऊ का रे? बाईंनी बराच वेळ घेतला. "मला त्या इमारतीत नेऊन काय झालं, आई?" एवढंच म्हणाल्या आणि डोळे उघडले.

घरी परतताना आई हलकी झाल्यासारखी चालत होती. लॅमिनेट केलेला निरोप तिने मोठ्यातल्या मोठ्या आकारात घेतला होता. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात फोन करून तिने तारीख रद्द केली.

त्या दिवसापासून दाराला कडी लागेना. धाकटी पहाटे उठायची तर दार हातभर उघडं, आणि उंबऱ्याच्या आत रस्त्यावरची धूळ. दुपारी वाऱ्याने दार ढकललं जायचं, बिजागरी करकरायची आणि स्वयंपाकघरातून आई हाक द्यायची, "आलास का?" तिचं तसं म्हणणं धाकटीने सहन केलं असतं. सहन होत नव्हतं ते हे, की दार वाजलं की आईच्या आधी तीच मान वर करत होती.

एक बुधवार मध्ये गेला. तिच्या डोक्यात वेगळंच काहीतरी घर करून बसलं होतं. आईचं एक बरं होतं. तिला बाईंवर विश्वास होता आणि प्रकरण मिटलं होतं. धाकटीला बाईंवर कवडीचा विश्वास नव्हता, आणि म्हणूनच तिच्यापुढे एकच उत्तर उरत होतं, ते म्हणजे दादाच. वाक्य कुणालाच माहीत नव्हतं. मग बाईंना कुणी सांगितलं? आणि ते तरी आपणच रचलं होतं का? त्या दुपारी पलंगावर डोळे मिटल्यावर शब्द कसे भराभर आले होते, एकही खोडावा लागला नव्हता, हे तिला आता आठवत राहिलं. ग्रंथालयातल्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून तिने एक कोरा फॉर्म पुढे घेतला, पेन्सिल दोन बोटांत सैल धरली, टोक कागदाला लावलं आणि दादाचे शब्द उतरायची वाट पाहिली. पाऊण तास. पेन्सिलीने एक अर्धवट बाक काढला. तो तिच्याच थकलेल्या मनगटाचा होता, पण ते मान्य करायला तिला आणखी पाऊण तास लागला.

त्या टेबलावरून उठून ती थेट मॅडमकडे गेली.

पद्धतीच्या मॅडम विभागात कुणाच्या फारशा लाडक्या नव्हत्या. बुटक्या, चष्मा डोक्यावर सरकवलेला, आणि बोलणं असं की समोरच्याने आपलं वाक्य मनात दोनदा तपासून बघावं. धाकटीने सगळं सांगितलं. दाराचं, आईच्या गाठीचं, पेन्सिलीचं, आणि शेवटी, जमिनीकडे बघत, सतराव्या प्रश्नाचं.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "विसावा फॉर्म बाद. या पेपरात तू नापास. हे झालं. आता बस आणि पाणी पी."

धाकटी बसली.

"तुझा दादा बोलला की नाही, हे मला ठरवता येणार नाही," मॅडम म्हणाल्या. "ते वाक्य कुठेकुठे होतं, हे ठरवता येईल. यादी कर."

यादी छोटी निघाली. एक, धाकटीचं डोकं. दोन, कपाटातला अस्सल फॉर्म. तीन, त्याची झेरॉक्स, कारण प्रत्येक फॉर्मची एक नक्कल वर्गातल्या दुसऱ्या विद्यार्थ्याकडे तपासायला जायची. तो विद्यार्थी धरून चार.

"आणि झेरॉक्स कुठे काढल्या?"

सगळ्या वर्गाने त्या एकाच दुकानात काढल्या होत्या. जिन्याखालच्या. तिथे गर्दी असायची म्हणून दुकानदार म्हणायचा, "गठ्ठा ठेवून जा ताई, संध्याकाळी न्या," आणि सगळे ठेवून जायचे. चाळीस विद्यार्थी, वीस-वीस घरं. आठशे घरांचे नाव-पत्त्यांसकट शेवटचे दिवस त्याच्या टेबलावर दिवसदिवस पडून होते. त्या निवृत्त शिक्षकाची गल्ली पाहणीत नव्हती. त्याच्या वाट्याला दोनच गोष्टी बरोबर आल्या होत्या.

धाकटीच्या अंगातून दोन आठवड्यांचा काटा एका क्षणात उतरला. ती उठलीच. आत्ता जाते आणि सगळ्यांसमोर सांगते.

"काय सांगशील?" मॅडमनी चष्मा नाकावर ओढला. "संशय आलाय म्हणून? त्या म्हणतील, पोरगी दुःखाने भ्रमिष्ट झालीय, आणि तुझी आईच त्यांना दुजोरा देईल. तपासणाऱ्या मुलाने सांगितलं असेल तर? आत्मा खरा असेल तर? मला पटत नाही, पण न पटणं हा पुरावा नव्हे. तिन्ही शक्यता वेगवेगळ्या पडतील अशी चाचणी लाव. सुचतेय का बघ. नापास झालीस म्हणून विषय सुटला असं नाही."

चाचणी धाकटीनेच रचली, एका रात्रीत नव्हे, चार दिवसांत आणि सात खाडाखोडींत. वर्गातली बारा मुलं तयार झाली. बारा जणांनी आपापल्या भाड्याच्या खोलीच्या पत्त्यावर बारा फॉर्म भरले, आणि बाराही फॉर्ममधले मेलेले नातेवाईक कधी जन्मलेच नव्हते. एका मुलीने एक लाकडी पायाचे काका मारले. एकाने जुळ्या आत्यांपैकी एक. वसतिगृहातल्या एका उंच मुलाने आजोबा रचले, आणि शेवटचं बोलणं म्हणून लिहिलं, 'माझी दुर्बीण कुणी घेतली?' बाराही फॉर्म त्याच एका तपासणाऱ्या विद्यार्थ्याने वाचले. मग चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन ढीग केले. सहा फॉर्म नेहमीसारखे खालच्या दुकानात गेले, 'गठ्ठा ठेवून जा' म्हटल्यावर ठेवले गेले आणि संध्याकाळी परत आले. उरलेल्या सहांची नक्कल मॅडमनी स्वतः हाताने उतरवली.

तपासणाऱ्याने चहाडी केली असेल, तर बाराही मृत बोलायला हवेत. आत्मा खरा असेल, तर एकही बोलता कामा नये. आणि झेरॉक्समधूनच गळती असेल, तर सहा.

बुधवारी बाराही जणांनी वहीत नावं घातली. पुढच्या बुधवारी ते पिशव्या घेऊन गेले. लाकडी पायाच्या काकांनी निरोप दिला की वर मला दोन्ही पाय आहेत. आत्या आपल्या जुळ्या बहिणीसाठी ओक्साबोक्शी रडली. दुर्बिणीवाल्या आजोबांनी, बाईंच्या मऊ आवाजात, "ती दुर्बीण... कुणी नेली रे?" असं विचारलं तेव्हा उंच मुलाने हसू दाबण्यासाठी डोकं टेबलावर टेकवलं, आणि बाईंनी त्याच्या केसांवरून हात फिरवला. झेरॉक्स झालेले सहाच्या सहा बोलले. बाकीच्या सहांना सांगण्यात आलं की आत्मा आज फार लांब आहे, छातीत काहीतरी जड वाटतंय, आणखी एक बुधवार लागेल.

धाकटीने तक्ता काढला. दोन ओळी, दोन रकाने. इतका स्वच्छ तक्ता वर्षभरात कुणाचाच आला नव्हता, आणि तो तिला दाखवायलाही नको वाटत होता. कारण दाखवायचा म्हणजे आईला पुढचं सगळं सांगायचं.

त्यानंतरच्या बुधवारी मॅडम स्वतः जिना चढल्या. वर खोली भरलेली होती. आईही होती, दादाला आणखी काही विचारायचं म्हणून तिने पुन्हा नाव घातलं होतं. मॅडमनी आवाज चढवला नाही. त्यांनी बारा मुलांना पुढे बोलावलं आणि एकेकाला विचारलं, तुझ्या मेलेल्या माणसाचं नाव काय आणि तो कोण होता. एकेकाने सांगितलं की असा कुणी माणूस नव्हता, मी तो बनवला होता. मग कुणाला निरोप मिळाला आणि कुणाला नाही, ते सांगितलं.

निरोपबाई गडबडल्या नाहीत. "भटके आत्मे असतात," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याचं नाव घेऊन येतात. मी काय करू?"

"येऊ देत की," मॅडम म्हणाल्या. "पण त्यांना फक्त खालच्या दुकानात झेरॉक्स झालेलीच नावं कशी सापडतात?"

खोलीत आधी कुणाला कळलं नाही. कळलं ते एका प्रौढ शिंपिणीला, जिच्या नवऱ्याच्या मृत्यूची मुलाखत याच वर्गातल्या एका मुलाने घेतली होती. ती काही न बोलता जिना उतरली आणि तिच्यामागे सगळे. दुकानदाराने शटरला हात घातला, पण शिंपीण आधीच आत शिरली होती. मशीनच्या खालच्या कप्प्यात स्पायरल बायंडिंग केलेली जाडजूड पुस्तकं निघाली, गल्लीनुसार, वर नीट चिटोरे चिकटवलेले. वहीत पत्ता आला की आठवड्याभरात पुस्तकातलं पान काढायचं आणि वर पाठवायचं, एवढाच तो पलीकडचा मार्ग होता. दुकानदार निरोपबाईंचा सख्खा भाऊ निघाला. शिंपिणीने आपल्या गल्लीचं पुस्तक उघडलं, नवऱ्याचं पान शोधलं आणि उभ्या उभ्या वाचलं. दुकानात मशीनसुद्धा बंद होतं.

"मी कुणाला रडवलं का?" बाई जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून म्हणाल्या. "रडत आलेल्याला हसवून पाठवलं."

शिंपीण पुस्तक मिटत म्हणाली, "हो. आणि महिनाभर मी दुसऱ्या कुणाशी बोलले नाही, तुमच्याखेरीज." मग ती मॅडमकडे वळली. "आणि हे लिहून कुणी नेलं आमच्याकडून? कुणाला सांगणार नाही म्हणून?"

"आम्ही," मॅडम म्हणाल्या. "चूक आमची. गठ्ठे तिथे ठेवून यायचे नव्हते, आणि ठेवतात हे मला कळायला हवं होतं. आठशे घरी आम्ही सांगायला येऊ." आणि त्या नंतर खरोखर गेल्या, विद्यार्थ्यांना घेऊन, दारोदार. काही दारांवर त्यांना बरंच ऐकून घ्यावं लागलं. फसवणुकीची तक्रारही झाली, दुकानाला कुलूप लागलं.

पण धाकटीचं काम अजून उरलं होतं.

परतीच्या वाटेवर आई तिच्याशेजारून चालत होती, आणि चेहऱ्यावर राग नव्हता. उलट काहीतरी उजळलं होतं. कोपऱ्यावर येताच ती थांबली आणि तिने धाकटीचा दंड धरला.

"म्हणजे ते वाक्य फॉर्ममधलं," ती म्हणाली. "आपल्या घरी दुसरं कुणी विचारायला आलं नव्हतं, म्हणजे फॉर्म तू भरलेला. म्हणजे तो तुलाच म्हणाला. वर्षभर पोटात ठेवलंस होय गं? मला का नाही सांगितलंस?"

धाकटीने असला हिशोब धरलाच नव्हता. बाई खोट्या ठरल्या होत्या आणि वाक्य आईच्या लेखी पहिल्यापेक्षा पक्कं झालं होतं, कारण आता त्यामागे पोटची साक्षीदार उभी होती.

"त्या बाईचं सोड," आई म्हणाली. "दवाखान्यात जाऊ नको हे तिचं स्वतःचं असणार. मी करून घेते ऑपरेशन. त्याचं एवढं वाक्य माझ्याजवळ आहे, मला पुष्कळ झालं."

गप्प राहणं इतकं सोपं होतं. तारीख पुन्हा मिळाली असती, आई हसत ऑपरेशनच्या टेबलावर चढली असती. धाकटी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली आणि आईला शेजारी बसवलं.

"आई, तो काही बोलला नाही. शुद्धीवरच आला नाही. मला रकाना भरायचा होता म्हणून मी लिहिलं."

आईने हात काढून घेतला. तिथून घरापर्यंत आणि घरी दोन दिवस ती बोलली नाही. स्वयंपाक करायची, धाकटीचं ताट वाढायची, आणि तिच्या पलीकडे बघत राहायची. लॅमिनेट केलेला कागद भिंतीवरून गेला. कुठे गेला ते धाकटीने विचारलं नाही. ऑपरेशनचं नाव निघेना. त्या दोन दिवसांत तिने आपल्याच खरेपणाला किती शिव्या दिल्या त्याची मोजदाद ठेवली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी भाजी निवडता निवडता आईने मान वर न करता विचारलं, "नळी कुठल्या बाजूने होती?"

धाकटीने सांगितलं. मग आईने विचारलं, त्याचे हात गरम होते का. पहिल्या दिवशी होते, नंतर नव्हते. डोळे? मिटलेले. त्याला दुखत होतं का?

"माहीत नाही, आई. डॉक्टर म्हणाले नसेल दुखत. मला माहीत नाही."

"तू काय करत होतीस?"

"हात धरून बसले होते. दुसऱ्या दिवशी झोप लागली मला. पंधरा मिनिटं."

आईने निवडलेली भाजी बाजूला सारली. वर्षभरात पहिल्यांदाच ती दोघींना ठाऊक असलेल्या माणसासाठी रडली. ज्याच्या परतण्याची वाट बघायची त्या माणसासाठी नव्हे. धाकटीही रडली. मग आईने तोंड धुतलं आणि फोन कुठे ठेवलाय ते विचारलं.

ही गोष्ट वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी असं एखादं माणूस नुकतंच गेलं असेल, त्यांना एवढंच सांगणं आहे. कुणी तुमच्या मृताबद्दल नेमकं काही सांगितलं तर आधी हे शोधा की ती गोष्ट आणखी कुठे लिहिलेली, बोललेली, सांगितलेली होती. चुकलेल्या गोष्टीही मोजा. आणि जे कुणालाच माहीत नाही, त्या जागी 'माहीत नाही' असं लिहिलेलं सहन करायला शिका. मॅडमनी त्या वर्षापासून फॉर्मवर तसा पर्याय छापून घेतला, आणि वर्गाला सांगितलं की तो आधी नव्हता ही चूक त्यांचीच होती.

सहा आठवडे हातचे गेले होते. आईला तपासणाऱ्या डॉक्टरीण बाईंनी नवी तारीख दिली, पण गाठ थोडी वाढली आहे हेही लपवलं नाही. सहीचा कागद पुढे केला. आईने चष्मा लावला, कागद पहिल्यापासून वाचला आणि पेन टेबलावर ठेवलं.

"या ऑपरेशनने किती बायका बऱ्या होतात?"

"बहुतेक होतात हो, मावशी. काळजी करू नका."

"बहुतेक म्हणजे किती?"

डॉक्टरीण बाईंनी आईकडे नीट पाहिलं, मग कपाटातून वॉर्डाचं रजिस्टर काढलं. गेल्या दोन वर्षांत इथे एकसष्ट जणी झाल्या होत्या. पन्नास जणी ठणठणीत, तपासणीला येतात. सात जणी गेल्या.

आईने बोटांवर बेरीज केली. "चार कमी पडतात."

"त्या परत आल्याच नाहीत. बऱ्या झाल्या म्हणून आल्या नाहीत की आणखी काही, आम्हाला माहीत नाही."

आईने कागद ओढला, सही केली, आणि रजिस्टर धाकटीकडे सरकवलं.

"त्या चौघींचे पत्ते उतरून घे," ती म्हणाली. मग डॉक्टरीण बाईंना म्हणाली, "ही जाऊन विचारून येईल. नापास झालीय, पण आता लिहील ते खरं लिहील."